व्हीलचेअर घेऊन थीम पार्कला जाताना: पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

थीम पार्कला जायचं ठरलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "तिथे व्हीलचेअर जाते का?" उत्तर बहुतेक वेळा "हो" असंच येतं आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही. फाटकातून खुर्ची आत जाते, रस्ते सपाट असतात, रॅम्प असतात, कुठेतरी एक मोठं स्वच्छतागृहही असतं. आपला दिवस कसा जाणार ते मात्र राइडच्या दारात ठरतं. खुर्चीतून राइडच्या सीटवर कसं जायचं, परत कसं यायचं आणि राइड मध्येच बंद पडली तर तिथून बाहेर कसं पडायचं, या तीन गोष्टींची उत्तरं घरी बसून मिळवलीत तर निम्मं काम झालं.

मी स्वतः खुर्ची वापरते, म्हणून खालचा क्रम खुर्ची डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. कुबड्या, वॉकर, कॅलिपर किंवा कृत्रिम पाय वापरणाऱ्यांना आणि थोडं चालता येतं पण फार वेळ उभं राहवत नाही अशांनाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

१. आधी स्वतःची परीक्षा घ्या

पार्कवाले राइडचे साधारण तीन गट करतात. पहिल्या गटात खुर्चीतून उठावंच लागत नाही. दुसऱ्यात खुर्चीतून सीटवर सरकावं लागतं, त्याला सगळीकडे 'ट्रान्सफर' म्हणतात. तिसऱ्यात काही पावलं चालावं किंवा पायऱ्या चढाव्या लागतात. बॅटरीच्या स्कूटरवर फिरणाऱ्यांसाठी आणखी एक अट असते. स्कूटर बहुतेक रांगांमध्ये वळत नाही आणि राइडच्या डब्यात तर चढतच नाही, त्यामुळे दारात साध्या व्हीलचेअरवर बसायला सांगतात.

पहिला गट आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. डिस्नेच्या पार्कांतल्या 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' या होडीच्या फेरीत खुर्चीसकट चढता येईल अशी वेगळी होडी ठेवलेली असते. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडमच्या 'जंगल क्रूझ'मध्ये खुर्ची खाली उतरवणारी लिफ्ट असलेली होडी आहे. पार्कभर फिरणारी आगगाडी, नाट्यगृहातले खेळ आणि बरीच मेरी-गो-राउंड याच गटात येतात.

दुसऱ्या गटासाठी स्वतःला काही प्रश्न खरेपणाने विचारा. आधार घेऊन काही क्षण उभं राहता येतं का? पाठीला टेकू नसताना बसल्या बसल्या तोल सांभाळता येतो का? निदान एका हाताने दांडा घट्ट धरता येतो का? गाडीला झटका बसला तर मान सावरते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या खुर्चीपेक्षा खालच्या सीटवरून पुन्हा वर येता येतं का?

हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. खाली सरकताना वजनच आपल्याला नेतं, वर येताना सगळी ताकद आपली किंवा सोबत्याची लागते. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे ट्रान्सफरसाठी म्हणून बनवलेली सीट चढण्याच्या जागेपासून १४ ते २४ इंच, म्हणजे साधारण ३६ ते ६१ सेंटिमीटर उंच असावी लागते. आपल्या खुर्चीची बैठक गादीसकट किती उंच आहे ते टेपने मोजून ठेवा. जुन्या होड्या आणि ओंडक्याच्या आकाराच्या पाण्यातल्या गाड्या यांत बसायची जागा जवळजवळ तळाशी असते. तिथे उतरणं सोपं आणि निघणं महाकठीण.

घरच्या घरी सराव करायचा तर मोटारीची सीट उत्तम, कारण तिथे उंचीतला फरक, दरवाजाची अडचण आणि अरुंद जागा हे सगळं एकदम भेटतं. ते जमलं की बुटक्या स्टुलावर उतरून वर येऊन बघा, अर्थात कुणीतरी शेजारी उभं असताना. जो माणूस सोबत येणार आहे त्याच्याबरोबरच हा सराव करा. दुसऱ्या कुणाशी जमलेली लय त्याच्याशी जमेलच असं नाही.

२. पार्कची माहितीपुस्तिका वाचा, मग लेखी विचारा

बहुतेक मोठी पार्कं दिव्यांग पाहुण्यांसाठी वेगळी पुस्तिका संकेतस्थळावर ठेवतात. तिच्यात प्रत्येक राइडपुढे खुणा असतात. उंचीची अट आणि हृदयविकाराची सूचना यांवर नजर फिरवून थांबू नका. "आणीबाणीत बाहेर पडताना पायऱ्या उतराव्या लागतील" किंवा "चालता येणं आवश्यक" असं बारीक अक्षरात कुठे लिहिलं आहे ते शोधा. बरेचदा खुर्चीवाल्यांना नकार मिळतो तो या ओळीमुळे.

एकाच पार्कात एक राइड सहज जमते आणि शेजारची अजिबात नाही, असं का होतं? बरेचदा ते बांधकामाच्या काळावर असतं. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ साली उघडलं. दिव्यांगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा आला १९९० मध्ये आणि राइडसाठीचे तपशीलवार नियम सक्तीचे झाले २०१२ पासून. त्या नियमांनुसार नव्या राइडमध्ये खुर्चीची जागा, ट्रान्सफरची सीट किंवा ट्रान्सफरला मदत करणारं साधन, यांपैकी एक तरी द्यावं लागतं. जुन्या राइडच्या रांगा अरुंद आणि जिन्यांच्या आहेत, तिथे मागच्या दाराने किंवा बाहेर पडण्याच्या वाटेने आत घेतात. म्हणून नवी राइड दिसली की आधी तिच्याकडे वळा. तिथे सोय असण्याची शक्यता जास्त.

पुस्तिका वाचून झाली की पार्कला ईमेल करा. फोनवर मिळालेलं "हो, हो, काही अडचण नाही" दारातल्या कर्मचाऱ्याला दाखवता येत नाही. ईमेलमध्ये एवढं विचारा:

- अमुक राइडमध्ये खुर्चीसकट बसता येतं का? डब्यात जास्तीत जास्त किती रुंदीची आणि वजनाची खुर्ची मावते?
- ट्रान्सफरची सीट किती उंच आहे? सरकण्याची फळी किंवा आधाराचा दांडा मिळतो का?
- सोबत किमान किती माणसं लागतात आणि त्यांच्या वयाची अट काय?
- राइड बंद पडली तर चालता न येणाऱ्यांना कसं उतरवतात?
- आमच्या तारखेला कुठली राइड किंवा लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे?
- मोठ्या माणसाला आडवं करून कपडे बदलता येतील अशी जागा कुठे आहे?
- प्रमाणपत्र किंवा आधी नोंदणी लागते का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पार्कागणिक बदलतं. डिस्नेलँड पॅरिसमध्ये प्राधान्य कार्डासाठी अधिकृत कागदपत्रं दाखवावी लागतात. सिक्स फ्लॅग्ज आणि युनिव्हर्सलच्या अमेरिकेतल्या पार्कांत रांगेतली सवलत हवी असेल, तर आयबीसीसीईएस या संस्थेच्या अॅक्सेसिबिलिटी कार्डासाठी भेटीच्या किमान ४८ तास आधी ऑनलाइन नोंदणी करायला सांगतात. परदेशी जात असाल तर प्रमाणपत्राचं त्या देशात चालणाऱ्या भाषेतलं भाषांतर आणि डॉक्टरांचं छोटं पत्र जवळ असू द्या.

डिस्नेबद्दल जुनी माहिती अजून फिरते आहे, म्हणून सविस्तर सांगते. "खुर्चीवर बसलं की रांग टळते" हा समज तिथूनच पसरला. २०१३ मध्ये काही श्रीमंत कुटुंबं रांग टाळण्यासाठी दिव्यांग व्यक्तींना पैसे देऊन सोबत नेतात अशा बातम्या आल्या आणि त्याच वर्षी जुनं पाहुणे-मदत कार्ड बंद होऊन 'डास' (डिसॅबिलिटी अॅक्सेस सर्व्हिस) नावाची व्यवस्था सुरू झाली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पार्कांत तीही आवळली गेली. आता ती मुख्यतः स्वमग्नता किंवा तशा विकासात्मक अडचणींमुळे रांगेत थांबणं अशक्य असणाऱ्यांसाठी आहे. निव्वळ चालण्याची अडचण असेल तर ती मिळेल असं धरून जाऊ नका. आपल्यासाठी त्या त्या राइडच्या दारात वेगळी सोय असते, तिच्याबद्दल पुढे येईलच.

३. खुर्ची स्वतःची की भाड्याची

शक्य असेल तर स्वतःची. भाड्याच्या खुर्च्या सगळ्यांना बसतील अशा एकाच मापाच्या, म्हणजे नेमक्या कुणालाच न बसणाऱ्या असतात. आर्मरेस्ट निघत नाही, फूटरेस्टची उंची बदलत नाही, गादी नावापुरती. आर्मरेस्ट निघत नसेल तर बाजूने सरकणं संपलंच. शिवाय त्या मर्यादित असतात, बऱ्याच ठिकाणी आधी राखून ठेवता येत नाहीत आणि फाटकाबाहेर नेता येत नाहीत. फाटक ते वाहनतळ हे अंतर मग कसं कापणार?

थोडं चालता येणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. "मला घरात खुर्ची लागत नाही, मग तिथे कशाला?" असा विचार करून आलेली माणसं दुपारी बाकावर बसलेली दिसतात. फ्लोरिडातल्या एपकॉट पार्काचा विस्तार सुमारे ३०० एकर आहे आणि त्यातल्या तळ्याभोवतीचा नुसता फेराच दोन किलोमीटरच्या जवळपास जातो. दिवसभरात किती होईल बघा. अशांनी खुर्ची किंवा स्कूटर घ्यावी आणि राइडच्या दारापासून आत चालावं. यात कमीपणा नाही. पाय राइडसाठी राखून ठेवायचे आहेत.

बॅटरीवरची खुर्ची नेत असाल तर आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा, चार्जर सोबत घ्या आणि पार्कात चार्ज कुठे करता येईल ते विचारून ठेवा. चढ-उतार असले की बॅटरी कंपनीने सांगितलेल्या अंतरापेक्षा बरीच लवकर उतरते. पाण्याच्या राइडजवळ जॉयस्टिकवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. कुठल्याही खुर्चीसाठी हवेचा छोटा पंप, पंक्चरचं सामान, अॅलन की आणि दोन-तीन वेल्क्रो पट्टे हे किमान सामान. आणि खुर्चीवर ठळक नाव लिहा, कारण राइडच्या दारात एकसारख्या खुर्च्यांची गर्दी होते.

४. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

"थीम पार्कला जाऊ का?" असं विचारलं तर डॉक्टर सावधपणे "बघा, जपून" एवढंच म्हणतील. राइडचा व्हिडिओ दाखवा आणि विचारा, "हा झटका माझ्या मानेला किंवा पाठीतल्या रॉडला चालेल का?" ठिसूळ हाडं, मानेच्या स्नायूंची कमजोरी किंवा नुकतीच झालेली पाठीची शस्त्रक्रिया असेल तर वेगवान राइडचा विषय तिथेच मिटवा. सेरेब्रल पाल्सीमध्ये अचानक झटक्याने किंवा मोठ्या आवाजाने अंग ताठरतं. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष लक्षात घ्या, कारण ताठरलेल्या मुलाला सीटवरून उचलणं फार अवघड जातं.

उन्हाकडे आपण दुर्लक्ष करतो. मज्जारज्जूला वरच्या बाजूला इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही, त्यामुळे शरीर तापतं आणि ते लवकर कळतही नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात उष्णतेने हातापायांतली ताकद तात्पुरती कमी होते, म्हणजे सकाळी जमलेलं ट्रान्सफर दुपारी जमत नाही. पाण्याचा फवारा, ओला पंचा, टोपी आणि भर दुपारी थंड सभागृहातला खेळ असा बेत हवा.

छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. भरलेलं मूत्राशय, मुडपलेली कॅथेटरची नळी किंवा मांडीवर घट्ट दाबलेला राइडचा दांडा एवढ्यानेही रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, मानेवर घाम फुटला तर सरळ बसवा, घट्ट पट्टे-कपडे सैल करा, नळी तपासा आणि ताबडतोब प्रथमोपचार केंद्राला कळवा. सोबत्याला हे आधीच शिकवून ठेवा, ऐनवेळी समजावत बसायला वेळ नसतो.

५. दिवसाचा हिशेब ट्रान्सफरमध्ये मांडा

बाकीचे लोक राइड मोजतात, आपण ट्रान्सफर मोजायचे. एक राइड म्हणजे दोन, एक जायचा आणि एक यायचा. समजा चार राइड केल्या तर आठ. तीन वेळा स्वच्छतागृह, म्हणजे सहा. मोटारीत बसणं-उतरणं जाता-येता मिळून चार. झाले अठरा. सोबत एकच माणूस असेल तर त्याच्या कमरेने हे अठरा झेलायचे आहेत, हे लक्षात ठेवा.

म्हणून यादी छोटी ठेवा. ज्यासाठी जीव तुटतो त्या दोन-तीन राइड सकाळी, ताकद ताजी असताना. मधल्या वेळात खुर्चीत बसूनच होणाऱ्या फेऱ्या आणि खेळ. सगळ्यात खालची सीट असलेली राइड दिवसाच्या शेवटी ठेवू नका. सोबतच्या धडधाकट मंडळींना रोलर कोस्टरवर दहा वेळा जायचं असेल तर जाऊ द्या, त्यांच्या वेगाने आपण पळायचं नाही. आळीपाळीने एकाने आपल्यापाशी थांबायचं, हे घरूनच ठरवून निघा म्हणजे तिथे रुसवेफुगवे होत नाहीत.

६. फाटकापाशी

पार्क उघडण्याच्या आधी पोहोचा. आत शिरल्यावर राइडकडे न धावता थेट पाहुणे-सेवा कक्षात जा. दिव्यांगांसाठीचा नकाशा मागा, आज काय बंद आहे ते पुन्हा विचारा, कार्ड किंवा मनगटपट्टा लागत असेल तर घ्या, मिरवणूक आणि रात्रीच्या आतषबाजीसाठी खुर्चीवाल्यांची राखीव जागा कुठे आहे ते विचारा. ही जागा लवकर भरते आणि तिथे सोबत ठराविक माणसांनाच बसू देतात. मोठं कुटुंब असेल तर कोण थांबणार ते ठरवा.

कर्मचारी आपल्याशी न बोलता आपल्या सोबत्याला विचारतात, "यांना चालता येतं का?" राग येतो, पण वाद घालण्यात सकाळ घालवू नका. "मला विचारा, मी सांगते" एवढं एकदाच ठामपणे म्हटलं की पुरतं. आणि उत्तर नेमकं द्या. "थोडं थोडं चालते" याचा प्रत्येक जण वेगळा अर्थ लावतो. "धरून दोन पावलं चालते, पायरी चढत नाही, बाजूने सरकते" असं सांगा.

७. रांगेत

नव्या राइडच्या रांगेतून खुर्ची जात असेल तर आपणही सगळ्यांबरोबर त्याच रांगेत. रांग खुर्चीला जमण्यासारखी नसेल तर दारातला कर्मचारी परत येण्याची वेळ देतो. ती साधारण त्या क्षणीच्या रांगेइतकी पुढची असते. तेवढा वेळ सावलीत बसा, खा, स्वच्छतागृहात जाऊन या. कुबड्या किंवा काठीवर चालणाऱ्यांनी संकोच न करता सांगावं, "मला चालता येतं, पण उभं राहवत नाही." बाहेरून दिसत नाही म्हणून कुणी आपण होऊन विचारणार नाही.

दिलेल्या वेळीही आत थोडं थांबावं लागतं. खुर्चीसकट चढता येणारी होडी किंवा डबा एखाददुसराच असतो आणि तो फेरी मारून येईपर्यंत इलाज नसतो.

८. प्रत्यक्ष ट्रान्सफर

एक गोष्ट पक्की समजा: कर्मचारी उचलत नाहीत. बहुतेक पार्कांत त्यांना तशी परवानगीच नसते. ते दार उघडतील, खुर्ची धरतील, वेळ देतील. अंगाला हात लावायचा तो आपल्या माणसाने.

चढायला जाण्याआधी कर्मचाऱ्याला सांगा की आम्हाला जास्त वेळ लागेल. सतत सरकणाऱ्या पट्ट्यावरच्या राइड असतात, उदाहरणार्थ डिस्नेचं 'हॉन्टेड मॅन्शन'. तिथे पट्टा हळू करता येतो, थांबवताही येतो. तो थांबेपर्यंत जागचे हलू नका. मागच्या लोकांच्या नजरा पाठीला टोचतात हे खरं, पण घाईत केलेल्या ट्रान्सफरमध्येच पाय मुरगळतात.

मग क्रमाने. खुर्ची सीटला तिरकी आणि जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. पुढची छोटी चाकं पुढच्या बाजूला वळलेली असू द्या, त्याने खुर्ची पुढे कलंडत नाही. दोन्ही ब्रेक लावा आणि हलवून बघा. फूटरेस्ट बाजूला, सीटच्या बाजूची आर्मरेस्ट काढलेली. मधे फट असेल तर फळी टाका. होडी असेल तर ती दोराने किंवा कर्मचाऱ्याने धरली आहे ना, बघा. लघवीची पिशवी आधीच रिकामी केलेली असावी आणि नळी दांड्याखाली चिरडणार नाही अशी वळवलेली. आता खुर्चीच्या कडेला पुढे सरका, डोकं जायच्या दिशेच्या उलट बाजूला झुकवा आणि एका दमात सरका. सोबत्याने कमरेचा पट्टा किंवा पँटची कमर धरावी. काखेत हात घालून ओढू नये. अर्धांगवायू झालेल्या बाजूचा हात तर कधीच ओढायचा नाही, खांदा निखळतो.

बसल्यावर दांडा खाली येण्याआधी पाय बघा. पायाला संवेदना नसेल तर घोटा कुठे अडकला आहे ते आपल्याला कळणार नाही, म्हणून डोळ्यांनीच बघायचं किंवा सोबत्याने बघायचं. बूट घातलेलेच असावेत. पाय उडत असतील तर गुडघ्यांभोवती वेल्क्रो पट्टा बांधू देतात का ते विचारा. गादी संथ राइडमध्ये चालते, वेगवान राइडमध्ये सहसा नाही, कारण तिने आपली बैठक उंचावते आणि दांडा नीट बसत नाही.

उतरताना हाच क्रम उलटा, पण वर चढत. आपली खुर्ची समोर आणली आहे का, ब्रेक लागला आहे का, हे बघितल्याशिवाय अंग उचलू नका.

९. नकार आला तर

येतोच कधीतरी. तेव्हा समजून घ्या की दांडा आणि खांद्यावरचा पट्टा ठराविक शरीररचना गृहीत धरून बनवलेले असतात. मांडीवर बसणारा दांडा मांड्यांनाच धरून ठेवतो. मांड्या नसतील किंवा तोकड्या असतील तर दांडा बंद होऊनही माणूस सुटा राहतो. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डेरियन लेक पार्कात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक रोलर कोस्टरवरून फेकला जाऊन मरण पावला. त्या राइडच्या नियमात दोन्ही पाय असणं आवश्यक म्हटलेलं होतं, तरी त्याला बसू दिलं गेलं. त्यामुळे "आमची जबाबदारी आमच्यावर, बसू द्या" असा आग्रह कुणी धरू नये आणि कर्मचाऱ्याने तो मानूही नये.

कृत्रिम पाय किंवा हात असेल तर नियम राइडगणिक बदलतात. कुठे तो काढून ठेवायला सांगतात, कुठे पट्ट्याने घट्ट बांधायला, तर कुठे तो घातल्याशिवाय बसू देत नाहीत. काढावा लागला तर चढायच्या जागेपासून लॉकरपर्यंत आणि परत कसं यायचं याचा विचार आधी करा. पुष्कळ राइडच्या बाहेर नमुन्याची सीट ठेवलेली असते. रांगेत तास घालवण्याआधी तिच्यात बसून बघा.

नकार पुस्तिकेतल्या नियमाला धरून असेल तर स्वीकारा. पुस्तिकेत 'चालतं' लिहिलेलं असताना दारातल्या माणसाने स्वतःच्या मनाने नाही म्हटलं, तर तिथेच वरिष्ठाला बोलवायला सांगा आणि ईमेल दाखवा. तो लेखी घेतलेला ईमेल इथे कामी येतो.

१०. राइड मध्येच थांबली तर

बहुतेक वेळा काही मिनिटांत पुन्हा सुरू होते. नाहीच झाली तर लोकांना बाजूच्या अरुंद फळ्यांवरून, जिन्यांवरून चालवत उतरवतात. चालता न येणाऱ्यांना शेवटी आणि वेगळ्या साधनाने उतरवतात, त्यात बराच वेळ जाऊ शकतो. एका वेळी डब्यात एकाच खुर्चीवाल्याला बसवायचं असा नियम काही ठिकाणी असतो, तो याच कारणासाठी. एकाच घरात दोन खुर्च्या असतील तर वेगवेगळ्या फेऱ्यांत बसावं लागेल.

राइडवर जाताना मोबाइल जवळ ठेवायची परवानगी असेल तर बंद खिशात ठेवा. थांबल्यावर पहिल्याच कर्मचाऱ्याला सांगा की मला चालता येत नाही, माझी खुर्ची अमुक ठिकाणी आहे. कडक सीटवर अडकलात तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा बाजूला कलून बुडाचा भार हलवा. सुटका वेगळ्याच दाराशी झाली तर खुर्ची तिथे आणून देण्याची जबाबदारी पार्काची. ती येईपर्यंत पायरीवर बसायचं मान्य करू नका, आधी खुर्ची मागवा.

११. स्वच्छतागृह, विश्रांती, पाणी

दिव्यांगांचं स्वच्छतागृह सगळीकडे असतं, पण मोठ्या माणसाला आडवं करता येईल असं फार थोड्या ठिकाणी. ब्रिटनमध्ये 'चेंजिंग प्लेसेस' नावाच्या खोल्या असतात. किमान बारा चौरस मीटरची जागा, मोठ्यांसाठी कपडे बदलायचा बाक आणि उचलायचं यंत्र त्यांत असतं. इतरत्र प्रथमोपचार केंद्रात खाट असते, तिथे जाऊन सांगितलं तर वापरू देतात. त्याच केंद्रात अर्धा तास पडून राहता येतं का, थंडाव्यात ठेवायची औषधं ठेवता येतात का, हेही विचारा.

पाण्याच्या राइड आणि वॉटर पार्क यांचा विचार वेगळा करा. घसरगुंड्या उंच जिन्याच्या टोकाला असतात, त्या बहुतेक जमत नाहीत. उताराने पाण्यात शिरता येणारे तलाव आणि संथ वाहणारी नदी जमते, पण पाण्यात चालणारी खुर्ची पार्कने द्यायला हवी. अमेरिकेत सॅन अँटोनियो इथे दिव्यांगांना मध्यवर्ती ठेवून 'मॉर्गन्स वंडरलँड' हे पार्क २०१० साली सुरू झालं. त्याच्या शेजारी २०१७ मध्ये उघडलेल्या वॉटर पार्कात दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, भिजल्या तरी न बिघडणाऱ्या खुर्च्या आहेत. दिव्यांगांना तिथे प्रवेश मोफत आहे. असं पार्क आवाक्यात असेल तर पहिली भेट तिथेच द्या, सरावाला तशी दुसरी जागा नाही.

कुठेही भिजलात तरी ओल्या कपड्यांनी खुर्चीत बसून राहू नका. ओली कातडी आणि सततचा दाब एकत्र आले की जखम व्हायला एक दुपार पुरते. कपड्यांचा कोरडा जोड आणि गादीचं जादा कव्हर पिशवीत हवंच.

१२. परत आल्यावर

पार्क बंद व्हायच्या अर्धा तास आधी निघा. शेवटच्या गर्दीत खुर्चीची उंची कुणाच्या नजरेत येत नाही आणि वाहनतळाच्या बसमध्ये खुर्चीची जागा आधीच भरलेली असते.

रात्री झोपण्याआधी बूड, टाचा, घोटे आणि मांड्यांच्या आतली बाजू आरशात किंवा कुणाकडून तरी तपासून घ्या. लाल डाग दाबल्यावर फिका पडत नसेल तर त्या जागेवर पुन्हा भार येऊ देऊ नका, दुसऱ्या दिवशीचं तिकीट हातात असलं तरी. सकाळपर्यंत डाग तसाच राहिला तर डॉक्टरांना दाखवा. खुर्चीचे ब्रेक, चाकांतली हवा आणि पुढच्या चाकांत अडकलेले केस-दोरे त्याच रात्री बघून टाका. कुठल्या राइडची सीट किती खाली होती, कुठे फळी मिळाली, कुठल्या दाराने आत घेतलं, हे आठवतंय तोवर लिहून ठेवा आणि खुर्ची वापरणाऱ्या ओळखीच्या माणसांना पाठवा. पार्कच्या पुस्तिकेत ते सापडत नाही.